पहिली इलेक्ट्रिक युनिसायकल: वेग नको, उतार बघून घ्या

इलेक्ट्रिक युनिसायकल म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाय ठेवायच्या पट्ट्यांवर, म्हणजे पेडलांवर, उभं राहून चालवायचं बॅटरीवरचं एकचाकी वाहन; पुढे मी तिला नुसतं चाकही म्हणते. ती पहिल्यांदा घेणारा माणूस सगळ्यात आधी विचारतो, "किती पळते?" माझं म्हणणं असं की आधी आपल्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात उभा उतार बघा. बॅटरी काठोकाठ भरलेली असो नाहीतर तळाला गेलेली असो, त्या उतारावर तुमचं वजन घेऊन जे चाक तुम्ही म्हणाल तिथे थांबेल, ते चाक घ्या. कोकणात तरी निवड इथूनच सुरू व्हायला हवी. आपल्याकडे सपाट म्हणजे खाडीकाठचे मळे आणि वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. मधली सगळी घाटी, म्हणजे चढउतार.

मी देवगड तालुक्यात आमची आणि चुलत्यांची हापूसची कलमं सांभाळते. घर खाली खाडीच्या अंगाला, कलमं उतारावर, मांगर (बागेतलं कामाचं घर) आणि पाण्याची टाकी वर कातळावर. मोहोर आल्यापासून काढणी संपेपर्यंत दिवसातून कितीदा खालीवर करावं लागतं याला हिशोब नसतो. फवारणी कुठवर आली, पंप चालू आहे का, पेट्या भरायला माणसं पुरतात का, सगळं जागेवर जाऊन बघावं लागतं. बागेतली वाट लाल मातीची आणि बारीक खडीची, उभ्या चढावर तेवढं काँक्रीट. दोन गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या, फटीतून स्कूटर नेता येत नाही, युनिसायकल जाते. मांगराच्या दारात उतरायचं, हँडल धरून ती आत ढकलायची. म्हणून मी या वाहनाच्या प्रेमात आहे.

ही सगळी वाट आमच्या खाजगी जागेतून जाते, हे मुद्दाम सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवरच्या वाहनाला नोंदणीतून सूट आहे, पण त्यासाठी मोटरची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा, शिवाय मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसं तपासून दिलेलं हवं. रोजच्या वापराची कुठलीही युनिसायकल या मापात बसत नाही, आणि तिला नंबर प्लेटही मिळत नाही. त्यामुळे बाग, कारखान्याचं आवार, मोठं संकुल, स्वतःची शेतवाडी यांतच तिचं खरं काम आहे. मुंबई-गोवा महामार्गावर किंवा एसटीच्या वाटेवर मी ती नेत नाही, तुम्हीही नेऊ नका. तुमची रोजची वाट खाजगी जागेतली नसेल, तर खरेदीआधी याच मुद्द्यावर थांबून विचार करा.

उतार का बघायचा

या वाहनाला ब्रेक नावाचा वेगळा भाग नसतो. चाकाच्या मधोमध मोटर, तिच्यावर तिला चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आत तोल ओळखणारे सेन्सर. तुम्ही पुढे झुकलात की मोटर चाक पुढे ढकलून तुमच्या पायाखाली आणते, मागे झुकलात की तीच मोटर चाक आवरते. पुढेमागे पडू न देणं हे मोटरचं काम, डावीउजवीकडचा तोल तुमचा. म्हणजे चालवणं, थांबवणं आणि उभं ठेवणं ही तिन्ही कामं एकाच मोटरची आणि एकाच बॅटरीची. मोटरची ताकद संपली, की पेडल पुढच्या बाजूने खाली जातं आणि माणूस तोंडावर येतो. स्कूटरची ताकद कमी पडली तर ती चढावर रखडते, एवढंच. इथे तोल जातो.

म्हणून वर शिल्लक राहणारी ताकद महत्त्वाची. एक हिशोब करून बघा. माणूस ७५ किलो, चाक २० किलो, पाठीवर ५ किलोची पिशवी, मिळून १०० किलो. दहा मीटरला एक मीटर असा चढ, म्हणजे आमच्याकडचा साधा चढ. ताशी २० किलोमीटरने तो चढायला नुसतं वजन वर उचलण्यासाठी साधारण ५४५ वॉट लागतात. खडबडीत वाट, वारा आणि मोटरमध्ये उष्णता होऊन जाणारी ताकद धरली तर ७०० च्या पुढे. आता ३५० किंवा ५०० वॉटचं स्वस्त चाक या चढावर काय करेल ते उघड आहे. अशी चाकं दिसायला छान, उचलायला हलकी, पण कोकणासाठी ती नव्हेतच. मोटरवर लिहिलेला आकडा सतत देता येणाऱ्या ताकदीचा असतो, क्षणभर ती त्याहून जास्त देते हे खरं. पण ती जादा ताकद खड्ड्यासाठी आणि आडव्या आलेल्या कुत्र्यासाठी राखून ठेवायची असते, रोजच्या चढासाठी नाही. माझ्या मते आपल्या भूगोलात १००० वॉटच्या खाली जाऊ नये. माणूस ८० किलोच्या वरचा असेल तर २००० च्या आसपास बघावं.

वेगाचा आकडाही याच नजरेने वाचा. ताशी ५० किलोमीटर लिहिलेलं चाक ५० ने चालवायचं नसतं. २५ ने जाताना तुमच्यासाठी अर्धी ताकद शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ. वेग वाढला की चाक आधी बीप करतं, मग पेडल पुढून वर उचलून तुम्हाला मागे रेटतं. पेडल वर आलं तर त्याच्याशी भांडू नका, लगेच हळू व्हा.

बॅटरी: किती, आणि आत काय

बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप वॉट-अवर. कंपन्या जे अंतर लिहितात ते हलका माणूस, सपाट रस्ता आणि संथ वेग धरून असतं. हलक्या माणसाला सपाटीवर किलोमीटरमागे १२ ते १५ वॉट-अवर लागतात. चढ, खडी आणि जड माणूस धरा, की २० ते २५. त्यात शेवटचा ३० टक्के भाग वापरायचाच नाही असं समजा. मग ५०० वॉट-अवरची बॅटरी डोंगराळ वाटेवर चौदा ते सतरा किलोमीटर देते, ८४० ची तेवीस ते एकोणतीस. माझं वजन ५८ किलो, भावाचं ९०. माझ्या चाकावर तो बसला की तेच चाक वेगळं वाटतं, बॅटरीही भराभर उतरते. म्हणून दुसऱ्याने सांगितलेलं अंतर ऐकताना आधी त्याचं वजन विचारा.

तळाचे ३० टक्के का सोडायचे? लिथियमचा एक सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो, संपत आला की ३.३ च्या घरात येतो. असे २० सेल एकामागे एक जोडले की भरलेली बॅटरी ८४ व्होल्टची, आणि तीच संपताना ६६ ची. मोटर जास्तीत जास्त किती फिरू शकेल ते या व्होल्टवर ठरतं, म्हणजे वेगाची मर्यादा पाचव्या हिश्श्याने खाली येते. त्यात चढावर जोर लावला की व्होल्ट आणखी दबतात. सकाळी सहज चढलेला चढ संध्याकाळी त्याच वेगाने चढायला जाऊ नका.

आणखी एक आकडा विचारा, जो जाहिरातीत सहसा नसतो: सेलच्या किती माळा समांतर जोडल्या आहेत? दोनच असतील तर प्रत्येक सेलवर दुप्पट भार, आणि एक सेल दुबळा झाला की अर्धी बॅटरी दुबळी. चार किंवा जास्त असल्या की भार वाटला जातो. चढाच्या वाटेला निदान चार. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही तर एकूण वॉट-अवर आणि व्होल्ट यांवरून अंदाज येतो: एक १८६५० सेल (अशा बॅटरीतला नळीच्या आकाराचा नेहमीचा सेल) जास्तीत जास्त १३ वॉट-अवरच्या आसपास धरतो. वॉट-अवरला १३ ने भागलं की एकूण सेल, भरलेल्या व्होल्टला ४.२ ने भागलं की एका माळेतले सेल; पहिल्याला दुसऱ्याने भागा, की माळा किती ते कळतं.

आता कोकणातला खास प्रश्न. घर वर सड्यावर आणि काम खाली खाडीकाठी, अशी खूप माणसं आहेत. उतरताना मोटर चाक आवरते तेव्हा ती वीज बनवून बॅटरीत परत पाठवते. बॅटरी आधीच १०० टक्के भरलेली असेल तर ती वीज जायला जागा नसते. व्होल्ट मर्यादेबाहेर जातात, चाक ओरडायला लागतं, पेडल वर उचलतं आणि फार ताणलं तर बंदही पडू शकतं, तेही ऐन उतारावर. म्हणून घर उंचावर असेल तर रोज ८५-९० टक्क्यांवर चार्जर काढा. सेलचं आयुष्यही त्याने वाढतं. मात्र अधूनमधून, सपाटीवर चालवायचं असेल अशा दिवशी, पूर्ण भरा, कारण बहुतेक चाकांमध्ये सगळे सेल एका पातळीवर आणण्याचं काम शेवटच्या टप्प्यातच होतं. ज्याचं घर खाली आणि बाग वर, त्याला ही काळजी नाही, सुरुवातीच्या चढातच जागा होते. १०० किलो वजन १०० मीटर वर न्यायला, मोटरमधलं नुकसान सोडून, २७ वॉट-अवर खर्च होतात. ५०० वॉट-अवरच्या बॅटरीचा हा पाच टक्क्यांहून जास्त भाग झाला.

टायर आणि वजन

१४ इंची चाक चपळ असतं, पण आमच्या वाटेवरच्या खळग्यात ते बसतं. १८ इंची स्थिर, पण वळवायला जास्त अंग लागतं आणि शिकताना जड जातं. पहिल्या चाकाला १६ इंच बरोबर. रुंदीचं म्हणाल तर २.१२५ इंचाचा टायर काँक्रीटवर हलका चालतो, पण सुट्या खडीवर त्याखालून दगड निसटतात. ३ इंची टायर खडीवर बसतो, मात्र वळताना जास्त झुकावं लागतं. १६ गुणिले २.१२५ या मापाचा एक फायदा: लहान मुलांच्या सायकलींनाही हे माप असतं, त्यामुळे अडीअडचणीला ट्यूब मिळू शकते. ती पातळ असते, कायमची ठेवू नका. ट्यूब बदलायला दर वेळी चाकाची बाजू खोलावी लागते, ते काम शांतपणे घरी करायचं. नवीन टायरमध्ये सुरुवातीलाच पंक्चर जेल घाला, कारण बोरी-बाभळीचे काटे नसले तरी कुंपणाच्या तारांचे तुकडे वाटेत असतातच.

सस्पेन्शनचा मोह पहिल्या चाकात टाळा असं मी सांगेन. पाठीला आराम मिळतो हे खरं, पण वजन वाढतं, आणि सरकणाऱ्या नळ्यांत आपली लाल माती आणि खारी हवा जाऊन बसते. मूळ चाक हातात आलं, मग दुसऱ्या चाकाला सस्पेन्शन घ्या.

वजनाकडे लोक दुर्लक्ष करतात. चाक तुम्हाला वाहून नेतं तसं तुम्हालाही ते कधी ना कधी उचलावं लागतंच. पाखाडीच्या पायऱ्या, व्हाळावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), माडीवरचा जिना. २४ किलोचं चाक म्हणजे एका हाताने धरलेली हापूसची भरलेली मोठी पेटी, आणि तीही पायाला आपटणारी. दुकानात दोन मिनिटं उचलून समाधान मानू नका. तुमच्या घराच्या पायऱ्या आठवा आणि तेवढ्या चढून दाखवा.

पाऊस आणि खारी हवा

आमच्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. चाकावर आयपी क्रमांक असतो, म्हणजे ते किती पाणी सोसतं त्याचं माप. आयपीएक्स४ म्हणजे चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची हलकी धार. या चाचण्या नव्या, न उघडलेल्या वस्तूवर आणि गोड्या पाण्याने होतात. एकदा ट्यूबसाठी बाजू खोलली, रबराची पट्टी नीट बसली नाही, की तो क्रमांक संपला. म्हणून क्रमांक असलेलं चाक घ्या, पण ते नसल्यासारखं वागा.

भर पावसात माझं चाक घरात असतं. पाण्यापेक्षाही शेवाळाची भीती जास्त: चिऱ्याच्या पायवाटेवर आणि काँक्रीटच्या उतारावर श्रावणात जे हिरवं बसतं, त्यावर कुठलाच टायर धरत नाही, आणि एकच चाक असल्यामुळे घसरलं की दुसरं सावरायला नसतं. या काळात बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवावी आणि महिन्यातून एकदा बघावी. भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवली तर गणपतीपर्यंत तिचं आयुष्य घटलेलं असतं.

किनाऱ्यावर नेऊ नका. कुणकेश्वरची ओली वाळू संध्याकाळी अगदी टणक आणि सपाट दिसते, मलाही तिथे जावंसं वाटतं. पण खारं पाणी एकदा बेअरिंगमध्ये गेलं की आतून गंज धरतं, आणि तो बाहेरून दिसत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्याने तसंही चाक ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसावं, चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण लावून ठेवावं आणि उघडे स्क्रू तेलाने पुसून घ्यावेत. निवडताना हे झाकण घट्ट बसतं का ते बोटाने दाबून बघा. लहान गोष्ट वाटते, पण पाणी तिथूनच शिरतं.

नावं

मॉडेल बदलत राहतात, म्हणून नावापेक्षा आकडे लक्षात ठेवा. तरी दिशा म्हणून सांगते. इनमोशनचं व्ही८एफ: १६ इंच, १००० वॉट, ५१८ वॉट-अवर, साधारण १५ किलो. हलका माणूस आणि बऱ्यापैकी सपाट जागा असेल, कारखान्याचं आवार असेल, तर उत्तम. पण आत दोनच समांतर माळा आहेत, म्हणून घाटीसाठी मी ते सुचवत नाही. किंगसॉन्गचं १६एस: १२०० वॉट, ८४० वॉट-अवर, सतरा किलोच्या आसपास. मी हेच चालवते आणि ७० किलोच्या आतल्या माणसाला, आमच्यासारख्या बागेत, पहिलं चाक म्हणून हेच सांगेन. त्याच कंपनीचं १६एक्स: २२०० वॉट, १५५४ वॉट-अवर, ३ इंची टायर, २४ किलो. भावाने हे घेतलं, आणि त्याच्या वजनाला तेच योग्य आहे. वेटरनचं शर्मन, ३२०० वॉट-अवर आणि ३५ किलो, हे सुंदर यंत्र आहे, पण शिकणाऱ्याचं नाही.

यांतली काही आता जुनी झाल्यामुळे सेकंडहँडच मिळतील. तसं घेताना बॅटरी समोर पूर्ण भरायला लावा आणि चाकाला जोडलेल्या मोबाइल ॲपमध्ये व्होल्ट बघा. चाक उचलून हाताने फिरवा, खरखर आली तर बेअरिंग गेलंय. बाजू खोलून दाखवायला सांगा: कनेक्टरवर हिरवट पांढरं काही दिसलं, की आत पाणी गेलेलं आहे, कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

माझा मावसभाऊ दुबईला असतो. त्याने विचारलं, "हाडू काय गो एक विमानातून?" नाही आणता येत. प्रवाशाच्या सामानात १६० वॉट-अवरच्या वरची सुटी किंवा अशा वाहनातली लिथियम बॅटरी चालत नाही, आणि वर सांगितलेलं सगळ्यात लहान चाकही त्याच्या तिप्पट आहे. आखातातल्या नातेवाइकांच्या भरवशावर बेत आखू नका. आयात करून विकणाऱ्याकडून घ्या, बिल आणि आयातीचे कागद मागा, आणि एकच प्रश्न नीट विचारा: बोर्ड जळला तर नवा बोर्ड कुणाकडे आहे? ट्यूब, पेडल, बेअरिंग आपण बघून घेऊ शकतो. मोटरचं वायंडिंग समजणारा पंपवाला प्रत्येक तालुक्यात आहे. बोर्ड मात्र त्याच मॉडेलचाच लागतो.

चाकाबरोबर त्याच दिवशी मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे पॅड आणि हनुवटी झाकणारं हेल्मेट घ्या. बजेटमध्ये ते बसत नसेल तर चाक एक पायरी स्वस्त घ्या, पण हे सोडू नका. मे महिन्याच्या उकाड्यात घाम येतो, येऊ दे. पडताना हात आपोआप पुढे जातात आणि मनगट आधी मोडतं. बाजूंना फोमची पट्टीही चिकटवा, शिकताना चाक बरंच आपटतं आणि नडग्याही सुजतात. शिकायला शाळेचं मैदान बरं, पहाटेचं, एका बाजूला हात टेकायला गडगा असेल असं. सड्यावरचा कातळ लांबून सपाट दिसतो, पण तो धारदार असतो, तिथे पहिले दिवस नकोत.

चाक घरी आल्यावर आधी ॲपमध्ये वेगाची मर्यादा २० वर बांधा आणि पेडल कडक मोडवर, म्हणजे झुकलं तरी कमी हलेल असं, ठेवा. हवा आपल्या वजनाप्रमाणे भरा. मग पूर्ण चार्ज करून, दिवा हिरवा झाल्यावर दिसणारा व्होल्टचा आकडा वहीत तारखेसह लिहा. ६७.२ व्होल्टच्या चाकाला तो ६७ च्या जवळ हवा, ८४ च्या चाकाला ८४ च्या जवळ. दर महिन्याला असंच लिहीत जा. दीड-दोन व्होल्ट कमी दिसायला लागले तर एखादा सेल मागे पडतोय असं समजा, आणि बॅटरी तपासून होईपर्यंत उतारावर जाऊ नका.